“अरे, लप ना लवकर!”

२०२० च्या नोव्हेंबरातली गोष्ट. जेवणं आटोपली होती, ओटा पुसून झाला होता, मुलं झोपली होती आणि साडेदहाच्या ठोक्याला आम्ही सासूसुना नेहमीप्रमाणे झी मराठीवर ‘देवमाणूस’ पाहायला बसलो होतो. पडद्यावर मध्यरात्र. मालिकेतला तो बोगस डॉक्टर आपल्या पापावर माती लोटत होता, आणि लांबून कुणाच्या तरी बॅटरीचा उजेड हलत हलत त्याच्याच दिशेनं येऊन राहिला होता. माझ्या मांडीवर निवडायला घेतलेली मेथी होती. ती तशीच राहिली आणि तोंडून शब्द निघून गेले, “अरे, लप ना लवकर!”

सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “काऊन वो, तू कोणाच्या बाजूनं आहेस?”

मी अशी ओशाळले म्हणता! ज्या बाईला त्यानं मारलं होतं ती चांगली दोन आठवडे आमच्याकडे रोज रात्री येत होती की! तिची आम्हांला दया आली होती, “नको जाऊ बाई त्याच्या दवाखान्यात” असं आम्ही दोघींनी टीव्हीला बजावलंही होतं. आणि ती गेल्यावर पाच मिनिटांत मी खुन्याच्या काळजीत! ‘हे’ मोबाईलमधून डोकं वर न काढता हसले, तेवढंच पुरे झालं.

सासूबाईंना मात्र अशा गोष्टींचा उलगडा करायला वेळ लागत नाही. त्या म्हणाल्या, “अवो, तो आज सापडला तर उद्यापासून पाहायचं काय?”

यात पुष्कळ तथ्य आहे. त्या रोज त्याला ‘मुडदा’ म्हणून शिव्या घालत, पण ज्या दिवशी भाग नसे त्या दिवशी त्यांचं चित्त थाऱ्यावर नसे. गुन्हेगार पकडला जावा असं आपल्याला वाटतं, पण आज नको, थोडं थांबून. सोनीवरच्या ‘क्राइम पेट्रोल’मध्ये असं होत नाही, कारण तिथं आपण पोलिसांबरोबर निघालेलो असतो, तासा-दोन तासांत बेड्या पडल्या की आपण सुटकेचा श्वास टाकून दूध गार झालं का ते बघायला जातो. ‘देवमाणूस’ ३१ ऑगस्ट २०२० ला सुरू झाली आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत चालली. म्हणजे वर्षभर आपण त्या माणसाच्या खोलीत राहिलो. त्याला काय ठाऊक आहे ते आपल्याला ठाऊक, त्यानं काय लपवलं तेही ठाऊक, आणि दार वाजलं की त्याच्या आधी आपल्याच छातीत धस्स होतं. भीती फार चटकन लागणारी गोष्ट आहे. ती कुणाला वाटते आहे, चोराला की सावाला, याची चौकशी मन करत बसत नाही.

ही मालिका कशावर बेतली आहे हे त्या वेळी सगळीकडे बोललं जात होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये सातारा जिल्ह्यात, वाई तालुक्यातल्या धोम इथं पोलिसांनी पुरलेले मृतदेह उकरून काढले होते. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसाला अटक झाली होती आणि खून सहा झाल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. तेव्हा वर्तमानपत्र वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. कारण त्यात एक बाई अशा होत्या की ज्या अंगणवाडीच्या शिक्षिका-सेविकांच्या संघटनेत काम करत. मी स्वतः शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे ती बातमी मला जवळची वाटली. आणि चार वर्षांनी त्यावरच्या मालिकेत मी त्याला ‘लप’ म्हणत होते! मालिकेतल्या डॉक्टरचं नाव मी झोपेतून उठूनही सांगेन. खऱ्या मेलेल्या त्या बाईंचं नाव आठवायला मला जुने पेपर शोधावे लागले.

आता कोणी म्हणेल, किरण गायकवाडनं कामच तसं केलं. केलंच. ‘लागिरं झालं जी’मध्येही त्यानं खलनायकच केला होता आणि तिथंही लोकांना तो आवडला होता. ‘रात्रीस खेळ चाले’च्या २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात माधव अभ्यंकरांचे अण्णा नाईक बघा ना! आकेरीतला तो बाईलवेडा, खुनशी जमीनदार. पण लोकांनी त्याचं काय कौतुक केलं! आमच्या शाळेत सहावीतलं एक पोट्टं मिशी रंगवून मालवणीत दम देत फिरायचं. नागपूरच्या पोराच्या तोंडी मालवणी! शेवंता आणि अण्णांवरचे विनोद तर बायकाच एकमेकींना पाठवत होत्या, मीही पाठवले. त्या घरात माई नावाची त्याची बायको रोज काय गिळून उभी राहते, यावर कुणी विनोद केला नाही, पण फारसं बोललंही नाही.

तरी एक सांगते. हा डॉक्टर काय किंवा अण्णा काय, ही माणसं पडद्यावर आली तीच मुळात बिघडलेली. त्यांचं आपल्याला आकर्षण वाटलं तरी ते वाघाच्या पिंजऱ्यापुढे उभं राहण्यासारखं आहे. चांगला माणूस आपल्या डोळ्यांदेखत एकेक पायरी उतरत जातो तेव्हा आपण काय करतो, हे मला पुढे दीड वर्षानं कळलं. आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही मधूनमधून वाटतं.

२०२२ चा मे महिना होता. नागपूरचा मे म्हणजे काय ते मी सांगायला नको. कूलरसमोरून उठायची सोय नाही. पुण्याचा माझा धाकटा भाऊ सुट्टीला आला होता. त्यानं आणि ह्यांनी मिळून ‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन मालिका लावली. तिकडे ती २००८ ते २०१३ अशी पाच पर्वं चालली, एकूण ६२ भाग. मी आधी “तुमची इंग्रजी मारामारी तुम्हीच बघा” म्हणून स्वयंपाकघरात होते. पण नायक शाळामास्तर आहे असं ऐकलं आणि येऊन बसले.

रसायनशास्त्राचा मास्तर, वॉल्टर व्हाइट. पन्नाशी गाठलेला. पगार पुरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर गाड्या धुण्याच्या दुकानात काम करतो, आणि तिथं आपल्याच विद्यार्थ्याची गाडी पुसायची पाळी त्याच्यावर येते. मला तर तिथंच रडू आलं. मग त्याला फुप्फुसाचा कॅन्सर निघतो. बायको गरोदर, मुलगा अपंग. आपल्यामागे ह्यांचं काय होणार म्हणून तो आपल्या विद्येचा उपयोग करून नशेचं विष बनवायला लागतो. पहिली पायरी इतकी समजण्यासारखी आहे की आपण मुकाट्यानं त्याच्याबरोबर उतरतो.

दुसरीही उतरतो. तिसरीला थोडे अडखळतो, पण तोवर त्याचा हात धरलेला असतो. एका पोरीचा नशेत घसा कोंडतो आहे, नुसतं कुशीवर वळवलं तरी ती वाचेल, आणि हा उभा राहून बघतो. त्या रात्री आम्ही तिघंही गप्प झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलीच! पुढे तर तो एका लहान मुलाला विष घालतो. तेव्हा माझा भाऊ काय म्हणाला ठाऊक आहे? “पण ताई, डोकं बघ ना त्याचं!”

या सगळ्यात आम्हां तिघांचं एका गोष्टीवर मात्र पहिल्यापासून एकमत होतं. ते म्हणजे त्याची बायको, स्कायलर. “ही बाई कटकट फार करते ना,” हे म्हणाले. “मधे मधे येते,” भाऊ म्हणाला. मीही मान डोलावली. बिचारा मरायला टेकलाय, घरासाठीच करतोय ना, आणि ही आपली विचारतेय, कुठे गेला होतास, पैसे कुठून आले.

पैसे कुठून आले.

हे वाक्य मी कुठंतरी ऐकलं होतं, आणि ते इंग्रजीत नव्हतं.

माझे मोठे मामा एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत व्यवस्थापक होते. आम्हां भाचरांचा जीव की प्राण. दिवाळीला संत्रा बर्फीचे डबे घेऊन येत, माझी पहिली सायकल त्यांनीच घेतली. पतसंस्थेत पिग्मीचे पैसे येत. म्हणजे रोज माणूस दुकानादुकानांतून, भाजीच्या गाड्यांवरून दहा-वीस रुपये गोळा करणार आणि त्यांच्या छोट्या पुस्तकात लिहून देणार. पुस्तकात आकडा आहे म्हणजे पैसे आहेत, असं त्या बिचाऱ्यांना वाटे. वस्तुतः संस्थेच्या खातेवहीत तो आकडा चढला आहे की नाही, हे पुस्तकातल्या शाईवरून कळत नसे. मामांनी पहिल्यांदा हात घातला तो मुलाच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी. तीन आठवड्यांत परत भरले म्हणे. मग दुसऱ्यांदा. मग घरी फ्रीज आला, स्कूटर आली, आमची सायकल आली.

मामी तेव्हा विचारायची, सगळ्यांसमोर विचारायची, “पैसे कुठून आले?” आणि आम्ही मुलंसुद्धा एकमेकांना कोपरखळी मारायचो, की झाली हिची कटकट सुरू. मामा हसून विषय बदलत. ते फार छान हसत.

२००२ च्या उन्हाळ्यात मामी एकटी उठून संस्थेच्या अध्यक्षांकडे गेली आणि जे ठाऊक होतं ते तिनं सांगितलं. मग हिशोब तपासले गेले, मामांना अटक झाली, जामीन झाला, शेत विकावं लागलं. काही लोकांचे पैसे मिळाले, सगळ्यांचे नाही. खटला चालू असतानाच चार वर्षांनी मामा गेले.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. आमच्या घरात जे बोललं गेलं ते आजही शब्दन्‌शब्द आठवतं. घरातल्या लक्ष्मीनंच घर बुडवलं. नवऱ्याची अब्रू वेशीवर टांगली. चार दिवस थांबली असती तर त्यानं भरले असते की! माझ्या आईनं भावजयीशी संबंध तोडला तो कायमचा. मामांनी पैसे घेतले, हे वाक्य मात्र मी आमच्या घरी एकदाही ऐकलं नाही. ‘ते प्रकरण झालं’ असं म्हणत. जणू काही पाऊस पडला. आणि मी? मला सायकल देणाऱ्या माणसाला जिनं पकडून दिलं तिच्यावर माझा राग होता, आणि तो राग वीस वर्षं आतमध्ये तसाच कपाटातल्या शालूसारखा घडी घालून ठेवलेला होता, हे मला कूलरसमोर बसून स्कायलरला नावं ठेवताना कळलं.

भावाला मी हे बोलले नाही. तो तेव्हा लहान होता, त्याला मामांची मिशीच तेवढी आठवते.

पुढे एकदा मोबाईलवर वाचताना कळलं की त्या बायकोचं काम करणारी नटी ॲना गन हिच्यावर तिकडच्या प्रेक्षकांनी असाच राग काढला होता. पात्रावरचा राग बाईवर गेला. ऑगस्ट २०१३ मध्ये तिनं ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेखच लिहिला. विष बनवणारा, माणसं मारणारा नवरा लोकांना चालला, त्याला ‘नाही’ म्हणणारी बायको चालली नाही, हे तिला उमगेना. मला मात्र उमगलं. तिच्या कामाला त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षीही एमी पारितोषिक मिळालं. आमच्या मामीला कोण देणार?

तेव्हापासून मला आणखी एक गोष्ट खुपते आहे. बी. ए.ला आम्हांला गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ होतं. गडकरी गेले ते इथंच, आमच्या नागपूरपासून ३५-४० किलोमीटरवरच्या सावनेरला, जानेवारी १९१९ मध्ये. आणि नाटक रंगभूमीवर आलं ते ते गेल्यावर, त्याच वर्षी, बडोद्याला. चांगला माणूस पायरी पायरीनं कसा उतरतो याचं त्याहून नेमकं चित्र मराठीत मला तरी ठाऊक नाही. सुधाकर हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, सनद जाते, आणि मग तो पहिला प्याला. म्हणजे सुरुवात गरजेनं होत नाही, मानापमानानं होते. वॉल्टर व्हाइटचंही तसंच आहे. त्याचे जुने श्रीमंत मित्र उपचाराचा खर्च द्यायला तयार असतात, पण यालाच ते घेणं नको असतं. आणि मामांनी माझ्या बाबांकडे शब्द टाकला असता तर बाबांनी प्रवेशाचे पैसे तेव्हाच दिले असते. मेहुण्यापुढे हात पसरायचा नव्हता, एवढंच. गरज होती हे आम्ही मागाहून लावलेलं ठिगळ.

पण मी सांगत होते सिंधूचं. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी महाराष्ट्र रडला. ती दळणं दळते, उपाशी राहते, शेवटी नवऱ्याच्या हातून मार खाऊन मरायला टेकते. आणि पोलीस विचारायला येतात तेव्हा त्याच्यावर आळ येऊ नये म्हणून खोटं बोलते. कॉलेजात हा भाग वाचताना आमचा अख्खा वर्ग हुंदके देत होता. मीही त्यात होते. त्याच वेळी माझ्या मनात मामीविषयी काय होतं, ते वर लिहिलंच आहे. सिंधू खोटं बोलली म्हणून ती देवी आणि आमची मामी खरं बोलली म्हणून कैदाशीण, हा हिशोब मी परीक्षेत चांगले गुण मिळवूनही कधी तपासला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात मी वर्ध्याला गेले. मामी तिथं मुलीकडे असते. घरी मी शाळेचं काम आहे म्हणून सांगितलं, (हे वाचतील तेव्हा त्यांना कळेलच.) दीड तासाचा तर रस्ता. पण त्या दीड तासासाठी मला इतकी वर्षं लागली.

दार तिनंच उघडलं. केस पार पांढरे झालेत. “अगं बाई, तू?” म्हणाली आणि मग काही विचारलंच नाही, पाणी दिलं, पोहे टाकले, वरून सांभार चिरून घातला. मी माफीचे शब्द गाडीत पाठ करून गेले होते. ते काही नीट आले नाहीत. मी आपलं टीव्हीपासून सुरू केलं. म्हटलं, मामी, तू ‘देवमाणूस’ पाहायचीस?

“एक भाग चुकवला नाही.”

“राग नाही यायचा त्याचा?”

ती हसली. “राग यायचा ना. पण खरं सांगू? तो सापडतो की काय असं झालं की मलाच धाकधूक व्हायची. लप बाप्पा, म्हणायची मी.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. मग तीच थोड्या वेळानं म्हणाली, “तुझ्या मामांच्या वेळीही मला तेच वाटायचं गं. रोज वाटायचं. सहा महिने मी गप्पच होते की! पण आपल्या ओसरीवर ती भाजीवाली येऊन बसायची. पोरीच्या लग्नासाठी तिनं अकरा हजार साठवले होते. पुस्तक पदरात बांधून आणायची आणि मला म्हणायची, बाई, तुम्ही शिकलेल्या, यात किती झाले ते वाचून सांगा. मी वाचून सांगायची. आकडा खोटा आहे हे ठाऊक असून वाचायची. तिसऱ्या खेपेला माझ्यानं वाचवेना.”

त्या बाईविषयी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. वीस वर्षं आमच्या घरात मामांची झोप उडाली, मामांचं वजन उतरलं, मामांना जेवण जात नव्हतं, हे सगळं बोललं गेलं होतं. आम्ही मामांच्या खोलीत बसून सगळं पाहिलं होतं. ओसरीवर कोण येऊन बसतं हे तिथून दिसतच नव्हतं.

“मिळाले का तिचे पैसे?” मी विचारलं.

“निम्मे संस्थेतून मिळाले. बाकीचे माझ्या पाटल्यांतून दिले. लग्न झालं तिच्या पोरीचं. पत्रिका आली होती.”

आईला यातलं काही ठाऊक आहे का, असं मी विचारलं. मामी म्हणाली, “तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं.” आणि उठून माझ्यासाठी लोणच्याची बरणी बांधायला लागली. कापडाचा दादरा, वरून सुतळीची गाठ, अगदी पूर्वीसारखी.

ती बरणी आता आमच्या ओट्यावर आहे. परवा रविवारी आई येणार आहे जेवायला. सासूबाईंनी सांगितलंय की लोणचं ताटात आधी वाढ, बोलायचं ते मग बोल. मामीच्या हातची मोहरी आईला एका घासात ओळखू येते.